घरच्या घरी ऑगस्टा

साहित्य : उताराची जमीन ३६५ एकर, ओढा एक, बंद पडलेली रोपवाटिका एक, जगज्जेता खेळाडू एक, पैशाची भाषा कळणारा गृहस्थ एक, डॉक्टर एक, तोंड बंद ठेवणारी श्रीमंत माणसं अंदाजे तीनशे. लागणारा वेळ : नव्वद वर्षं. मीठ लागत नाही. वाळू लागते, पण तिचं पुढं येईल.

गोल्फचे नियम शिकण्यात वेळ घालवू नका. लहान पांढरा चेंडू, त्याला मारायच्या काठ्या जास्तीत जास्त चौदा, आणि जमिनीत अठरा खळगे. विटीदांडूत आपण ज्याला गल म्हणायचो, तेच. कमीत कमी फटक्यांत चेंडू गलीत घातला की झालं. जिथून पहिला फटका मारतात ती टी, मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, शेवटी गलीभोवती गालिचा पसरलेला असतो ते ग्रीन, वाटेतला वाळूचा खड्डा म्हणजे बंकर, आणि टीपासून गलीपर्यंतचा सगळा पल्ला म्हणजे एक होल. एवढ्या शब्दांवर मी स्वतः आजवर निभावून नेलं आहे.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारील म्हणून आधीच सांगतो. गोल्फची काठी मी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही जावयाची, आणि त्यांनी लगेच परत घेतली. पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. पाणी उतारावरून कुठं जाईल याचा विचार करण्याचा मला पगार मिळायचा. मुलगी अटलांटात असते. जावयांनी मास्टर्स स्पर्धेच्या सरावदिवसाची तिकिटं मिळावीत म्हणून सलग काही वर्षं अर्ज केले होते. तिकिटं म्हाडाच्या घरांसारखी सोडतीनं निघतात. एका वर्षी नाव निघालं आणि आम्ही दोन-अडीच तास गाडीनं जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा माझं मत पक्कं झालं होतं की खासगी गोल्फ मैदान हे नव्वद टक्के पाटबंधाऱ्याचं काम आहे आणि उरलेलं दहा टक्के माणसं बाहेर ठेवण्याचं. ही मार्गदर्शिका त्याच मताच्या जोरावर लिहिली आहे.

पायरी पहिली : जमीन

३६५ एकर म्हणजे चौदा हजार सहाशे गुंठे. सिन्नरजवळ माझी वडिलोपार्जित बावीस गुंठे आहे. म्हणजे माझ्यासारखे सहाशे त्रेसष्ट जमीनमालक गोळा करावे लागतील आणि त्यांच्यात बांधावरून एकही दावा चालू नसावा लागेल. तिथंच ज्यांचा धीर सुटला त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

ऑगस्टावाल्यांचं काम सोपं झालं, कारण देशात मंदी होती. बर्कमन्स नावाच्या बेल्जियन कुटुंबाची फ्रूटलँड ही नामांकित रोपवाटिका तिथं होती. पीचची कलमं आणि अझेलियाची झुडपं दक्षिणेत घरोघरी पोचवण्यात तिचा मोठा वाटा. ती बंद पडून काही वर्षं झाली होती. १९३१ मध्ये ती सत्तर हजार डॉलरला मिळाली. घेणारे दोघं. एक बॉबी जोन्स : वकील, हौशी खेळाडू, १९३० या एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. दुसरे क्लिफर्ड रॉबर्ट्स : न्यूयॉर्कचे गुंतवणूक-दलाल. जोन्सकडे नाव होतं, रॉबर्ट्सकडे हिशेबाची वही. तुमच्या गटात दोन्ही जोन्स असतील तर मैदान सुंदर होईल आणि लिलावात निघेल. दोन्ही रॉबर्ट्स असतील तर तुम्ही मंगल कार्यालय बांधाल.

क्लबचे अठराशे सभासद करायचे असा बेत होता. १९३४ मध्ये पहिली मास्टर्स स्पर्धा भरली तेव्हा सभासद होते शहात्तर. आज ज्या दारात भल्याभल्यांना उभं करत नाहीत, त्या दाराबाहेर सुरुवातीला माणसं शोधत फिरावं लागलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुमचीही पहिली काही वर्षं अशीच जाणार आहेत.

पायरी दुसरी : डॉक्टर शोधा

आर्किटेक्ट नको. अलिस्टर मॅकेन्झी हे शल्यचिकित्सक. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथं बोअर शेतकऱ्यांची फौज खंदक असे खणायची की शंभर पावलांवरूनही दिसू नयेत. डॉक्टरांनी जखमा शिवता शिवता ते खंदक पाहून ठेवले. परत आल्यावर दोन धंदे केले : सैन्याला दडणं शिकवलं आणि गोल्फची मैदानं आखली. दोन्हीचं तत्त्व एकच, माणसानं केलेली गोष्ट निसर्गानंच केल्यासारखी दिसली पाहिजे. कॅलिफोर्नियातलं त्यांचं सायप्रस पॉइंट जोन्सनं १९२९ मध्ये खेळून पाहिलं आणि माणूस हेरून ठेवला.

मी आयुष्यभर उलट केलं. आमच्या खात्यात बंधारा बांधला की त्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक, साल आणि उद्घाटकाचं नाव घालायची पद्धत. काम दिसलं पाहिजे! ऑगस्टाच्या आठव्या होलपाशी ग्रीनभोवती गवताचे मोठाले उंचवटे आहेत. मी जावयांना म्हटलं, काय नैसर्गिक टेकाडं आहेत हो. ते म्हणाले, सगळी भराव घालून केलेली आहेत. चौतीस वर्षं मातीचे भराव मोजलेला माणूस मी, आणि मला भराव ओळखता आला नाही. त्या क्षणी डॉक्टरांपुढं हात जोडले.

बंकर किती ठेवायचे? नवशिक्यांना वाटतं, जितके खड्डे तितकं मैदान भारी. मूळ योजनेत बंकर होते बावीस. आज ४४ आहेत, तरी चौदाव्या होलला एकही नाही. फेअरवे रुंद आणि लांब माजलेलं गवत जवळजवळ नाहीच. जोन्स आणि मॅकेन्झी दोघांना स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज आवडायचं. साध्या माणसाला खेळता यावं, पण जिंकायला आलेल्याला डोकं लावावं लागावं, ही त्यांची इच्छा. म्हणजे कसं, तर गोट्या आठवा. आपली गोटी नुसती पुढं नेणं कुणालाही जमतं. पण ती अशा जागी थांबवायची की पुढच्या नेमाला समोरच्याची गोटी सरळ मिळेल, तिथं खेळणारा कळतो. रुंद फेअरवेवर चेंडू कुठंही पडला तरी तो हरवत नाही. फक्त चुकीच्या बाजूला पडला तर ग्रीन तुमच्याकडं पाठ करून बसतं. दंड लगेच होत नाही, पुढच्या फटक्याला होतो. सरकारी लेखापरीक्षणासारखंच.

डॉक्टरांना पैसे द्या. हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मॅकेन्झींची ठरलेली रक्कम त्यांना पूर्ण कधीच मिळाली नाही. गवत उगवलेलं मैदानही त्यांनी पाहिलं नाही. जानेवारी १९३४ मध्ये ते गेले आणि पहिली स्पर्धा मार्चमध्ये भरली. आमच्याकडच्या कितीतरी ठेकेदारांना हे ऐकून परदेशात आपलं कुणीतरी असल्यासारखं वाटेल.

पायरी तिसरी : उतार

इथं मी जरा रेंगाळणार आहे.

मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी, एप्रिलमधल्या एका रविवारी, आपल्याकडं सोमवारच्या पहाटे साडेचारच्या सुमाराला सामना संपतो. मी अनेक वर्षं तो पाहत आलो. पडद्यावर ते मैदान हिरव्या पत्र्यासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात दहाव्या होलच्या टीजवळ उभा राहिलो आणि आधी गुडघ्यांना कळलं. तिथून ग्रीनपर्यंत जमीन सुमारे शंभर फूट खाली जाते. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खालच्या पार्किंगमध्ये चेंडू टाकायचा, असं समजा. मंडळी उतरत होती ती जेजुरीच्या पायऱ्या उतरावीत तशी, शरीर मागं टाकून. माझ्या हिनं माझा दंड धरला तो खालपर्यंत सोडला नाही, आणि वर येताना मी तिचा धरला.

सगळं मैदान म्हणजे एक पाणलोट क्षेत्र आहे. वर क्लबचं घर, १८५४ सालातलं. तळाला रेज क्रीक नावाचा ओढा. ऑगस्टाच्या ग्रीनवर खेळणाऱ्यांत एक जुनं वाक्य चालतं, की चेंडू शेवटी ओढ्याकडंच वळतो. डोळ्यांना उतार डावीकडं दिसतो आणि चेंडू उजवीकडं सरकतो, कारण ओढा तिकडं आहे. लोक याला गूढ म्हणतात. यात गूढ काही नाही. मोठा उतार लहान उताराला खोटं पाडतो, एवढंच. कोणत्याही पाटकऱ्याला विचारा. चारीचा तळ पुढं चढतोय असं शेतकरी शपथेवर सांगतो आणि पाणी मात्र निवांत पुढं जातं.

उताराचा आणखी एक प्रताप. मैदान सुरू झालं तेव्हा आजचा दहावा होल पहिला होता. १९३४ ची पहिली स्पर्धा तशीच, उलट क्रमानं खेळली गेली. पण ओढ्याकाठचा भाग खोलगट आणि सावलीतला. थंडीत तिथं सकाळी दहिवर गोठून बसायचं आणि लवकर हलायचं नाही. म्हणून पुढच्या वर्षापासून दोन्ही अर्ध्या फेऱ्यांची अदलाबदल केली. गंमत अशी की त्यामुळं सगळ्यात अवघड ओढाकाठ स्पर्धेच्या ऐन शेवटच्या टप्प्यात आला. जगातलं बहुधा सर्वांत गाजलेलं गोल्फनाट्य दहिवरामुळं घडतं. तुमचा आराखडाही आधी एक हिवाळा उलटा वापरून पाहा.

पायरी चौथी : ओढा

ओढा विकत मिळत नाही, आपल्याकडं तर तो बुजवल्यावर आठवतो. असेल तर त्याला हात लावू नका, त्याच्या काठाला लावा.

अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन होल ओढ्याभोवती बसवलेले आहेत. या कोपऱ्याला ‘आमेन कॉर्नर’ म्हणतात. हर्बर्ट वॉरेन विंड या लेखकानं १९५८ मध्ये हे नाव दिलं. बारावा बघायला अगदी निरुपद्रवी, फक्त १५५ यार्डांचा, म्हणजे क्रिकेटच्या सरासरी मैदानाच्या या सीमेपासून त्या सीमेपर्यंत. तीन फटक्यांचं काम. अलीकडं टी, पलीकडं ग्रीन, मध्ये ओढा. पण ग्रीन आडवं आणि चिंचोळं, मागं फुलांची भिंत आणि दोन बंकर. पाइनच्या उंच झाडांमध्ये वारा गिरक्या घेतो. अकराव्याचं निशाण एकीकडं फडकतं आणि शेजारच्या बाराव्याचं भलतीकडं. ग्रीनच्या पुढचा काठ दाढी केल्यासारखा गुळगुळीत कापलेला असतो. चेंडू दोन हात तोकडा पडला की काठावर टेकतो, क्षणभर विचार करतो आणि पाण्यात उतरतो.

१९८० मध्ये टॉम वाइस्कॉफनं इथं तीनऐवजी तेरा फटके घेतले. २०१६ च्या रविवारी जॉर्डन स्पीथ शेवटच्या नऊ होलला निघाला तेव्हा पाच फटक्यांनी पुढं होता. बाराव्याला त्यानं दोन चेंडू पाण्यात घातले, सात फटके लागले आणि स्पर्धा गेली. उलट १९९२ मध्ये फ्रेड कपल्सचा चेंडू त्याच काठावरून घसरता घसरता कशाला तरी अडकून थांबला आणि तो स्पर्धा जिंकला. तुम्ही आखणी करताना हा ‘कशाला तरी’ आराखड्यात दाखवता येत नाही, याची नोंद घ्या.

आणि एक बारकावा. बाराव्याच्या टीपर्यंतच प्रेक्षकांना जाऊ देतात. ओढ्यापलीकडं कुणीही नसतं. खेळाडू आणि त्याची पिशवी उचलणारा कॅडी दगडी पूल ओलांडून जातात आणि हजारो माणसं नुसती लांबून बघतात. काय घडलं ते पलीकडून ऐकू येत नाही, फक्त खांदे पडलेले दिसतात. गाभाऱ्यात पुजारी एकटा असतो आणि आपण उंबऱ्याबाहेर, तसंच काहीसं.

पायरी पाचवी : जमिनीच्या पोटात

आदल्या रात्री पाऊस झाला होता. सिन्नरला एवढ्या पावसानंतर चप्पल हातात घेऊन चालावं लागलं असतं. इथं ग्रीन कोरडी ठणठणीत. मी एका ग्रीनच्या कडेला थांबलो आणि गिरणीतल्या मोटारीसारखी बारीक घरघर ऐकू आली. आजूबाजूला मोटार कुठंच नाही. मग जावयांनी सांगितलं, ग्रीनच्या खाली नळ्यांचं जाळं आहे आणि त्यातून हवा ओढून ओलावा शोषून घेतात. गरज पडली तर उलट दिशेनं हवा वर सोडतात. १९९० च्या दशकात तिथल्याच मैदानप्रमुखानं ही यंत्रणा शोधून काढली. आयुष्यभर मी पाणी शेतात नेलं. इथं मंडळी पाणी शेतातून ओढून काढण्यासाठी वीजबिल भरतात. मी त्या आवाजापाशी दहा मिनिटं उभा होतो. बाकीचे लोक खेळाडू बघत होते.

वाळूचं सांगतो म्हटलं होतं. बंकरमधली वाळू साखरेसारखी पांढरीशुभ्र दिसते. ती समुद्राची नाही. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन भागात फेल्डस्पारच्या खाणी आहेत, तिथं मागं उरणारा हा क्वार्ट्झ. त्याच भागातल्या अतिशुद्ध क्वार्ट्झच्या मुशींत सिलिकॉन वितळवून जगभरच्या चिप बनतात. म्हणजे ज्या डोंगराशिवाय मोबाइल होणं अवघड, त्याच डोंगराची वाळू अशा मैदानात पसरली आहे, जिथं मोबाइल फाटकातून आत येऊ शकत नाही.

झाडांविषयी

प्रत्येक होलला झाडाचं नाव. तेरावा अझेलिया, पाचवा मॅग्नोलिया, सोळावा रेडबड. जुन्या रोपवाटिकेची आठवण. क्लबच्या घराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा मॅग्नोलियाची झाडं आहेत, तीही एकोणिसाव्या शतकातली. कल्पना फार छान म्हणून मी माझ्या बावीस गुंठ्यांवर लावून पाहिली : पहिला होल बाभूळ, दुसरा घाणेरी, तिसरा पुन्हा बाभूळ.

झाड मोठं झालं की ते कुणाचं ऐकत नाही, हे आयसेनहॉवर यांना विचारा. राष्ट्राध्यक्ष, त्याआधी सेनापती, आणि या क्लबचे सभासद. सतराव्या होलच्या वाटेवर एक पाइनचं झाड होतं आणि त्यांचा चेंडू नेमानं त्यालाच आपटायचा. १९५६ च्या बैठकीत त्यांनी झाड तोडण्याची सूचना मांडली. रॉबर्ट्स अध्यक्षस्थानी. त्यांनी सूचना नियमबाह्य ठरवली आणि बैठकच बरखास्त केली. ज्यानं नॉर्मंडीवर फौजा उतरवल्या त्याला एक झाड तोडता आलं नाही. झाडाला त्यांचंच नाव पडलं. अखेर फेब्रुवारी २०१४ मधल्या बर्फवादळात ते मोडलं. गृहनिर्माण सोसायटीच्या अध्यक्षांनी रॉबर्ट्स यांचा हा किस्सा पाठ करून ठेवावा.

गाई मात्र बाहेर ठेवा. युद्धकाळात १९४३ ते ४५ स्पर्धा बंद होती. गवत चरून निघेल आणि मांसाचे पैसेही मिळतील म्हणून मैदानात गुरं सोडली, टर्की पक्षीही पाळले. गुरांनी गवताबरोबर झुडपंही संपवली आणि धंदा तोट्यात गेला. टर्कींनी थोडी लाज राखली.

पायरी सहावी : माणसं

सभासद होण्यासाठी अर्ज नसतो. बोलावणं येतं. यादी जाहीर करत नाहीत. सभासदांना हिरवा कोट असतो, १९३७ पासून. जिंकणाऱ्यालाही तो १९४९ पासून मिळतो. उन्हाळ्यात मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मैदान बंद असतं, म्हणजे सभासदांनासुद्धा नाही! आपल्याकडं असं केलं तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील.

कॅडी हा यातला खरा माणूस. खेळाडूची पिशवी उचलतो, अंतर सांगतो, उतार वाचतो. पांढरा झगा, हिरवी टोपी. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये बाहेरून आलेल्या खेळाडूलाही क्लबचाच कॅडी घ्यावा लागायचा, आणि ते सगळे कृष्णवर्णीय. मात्र खेळाडू म्हणून पहिला कृष्णवर्णीय माणूस, ली एल्डर, तिथं उतरला तो १९७५ मध्ये. पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये. पहिल्या दोन स्त्रिया सभासद झाल्या २०१२ मध्ये, त्यांत एक माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस. डॉक्टरांनी फेअरवे इतके रुंद ठेवले की कुणाचाही चेंडू मावावा, आणि फाटक इतकं अरुंद राहिलं. याची आखणी कुणी केली हे विचारायला डॉक्टर जिवंत नव्हते.

कार्ल जॅक्सन या कॅडीनं १९६१ पासून ५४ वेळा मास्टर्समध्ये पिशवी उचलली. बेन क्रेनशॉ १९८४ आणि १९९५ असा दोनदा जिंकला तेव्हा कॅडी तेच. मला आमच्या उपविभागातला पाटकरी आठवला. नकाशे माझ्या टेबलावर असायचे, पण कोणत्या चारीला कुठं खेकड्यानं भोक पाडलंय ते त्याला माहीत. कार्यकारी अभियंता पाहणीला आले की मी पुढं चालायचो आणि तो तीन पावलं मागून हळूच सांगायचा, “रावसाहेब, डावीकडं बघा.” मी डावीकडं बघून साहेबांना ते माझं निरीक्षण म्हणून सांगायचो.

सरावाच्या दिवशी एक कॅडी ग्रीनवर काठी न घेता नुसत्या हातानं चेंडू लोटत होता. एक, मग दोन पावलं सरकून दुसरा, मग तिसरा. प्रत्येक चेंडू वेगळ्या वाटेनं गेला आणि तिन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले, माझ्या टोपीत मावतील इतके जवळ. त्यानं खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. गल तिथं नव्हतीच. रविवारी तिथं असेल, असा त्याचा अंदाज होता.

पायरी सातवी : शिस्त

प्रेक्षकांना प्रेक्षक म्हणायचं नाही, आश्रयदाते म्हणायचं. धावायचं नाही. पळत सुटलेल्याला अदबीनं चालायला लावतात. घडीची खुर्ची सकाळी हव्या त्या जागी ठेवावी आणि दिवसभर हिंडावं, परत याल तेव्हा ती रिकामी असते. दादर स्थानकावर रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पिढीचे डोळे इथं पाणावतात. सँडविच दीड डॉलरला. ते हिरव्या कागदात मिळतं, कारण चुकून खाली पडला तरी कागद गवतात दिसू नये. मोटार लपली, भराव लपला, आता कागदही.

मोबाइल नसल्यामुळं ठिकठिकाणी फुकट वापरायचे फोन ठेवले आहेत, तारेचे, जुन्या पद्धतीचे. मी हौसेनं रिसीव्हर उचलला. मुलीला करायचा होता. तिचा नंबर आठवेना. बायकोचा आठवेना. तोंडपाठ निघाला तो फक्त आमच्या उपविभागीय कार्यालयाचा, जे बंद होऊन बारा वर्षं झाली. मागं रांग होती. मी कानाला रिसीव्हर धरून “बरं, बरं” म्हणालो आणि ठेवला.

सोळाव्या होलपाशी तळं आहे. सरावाच्या दिवशी लोक खेळाडूंना आरडाओरडा करून गळ घालतात की चेंडू पाण्यावरून टप्पे खात पलीकडं घाला. लहानपणी आपण चपटे दगड तिरके फेकायचो, अगदी तसंच. २००९ मध्ये विजय सिंग यांचा चेंडू असाच पाण्यावर उड्या मारत ग्रीनवर चढला आणि घरंगळत गलीत पडला. दिवसभर देवळासारखी शांतता पाळणारी ती गर्दी इथं पोरासारखी ओरडते. सरावाचा दिवस सोडला तर हे चालत नाही.

शेवटची पायरी : गल

गलीचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलीमीटर. १८९१ पासून हेच माप आहे. सांडपाण्याच्या पाइपचा तुकडा वापरल्यामुळं ते माप पडलं अशी कथा सांगतात. मला ती खरी मानायला आवडते, कारण हार्डवेअरच्या दुकानात ११० मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो. दोन मिलीमीटर नवशिक्यांना माफ.

परत आल्यावर मी तसा वीतभर तुकडा कापून घेतला आणि सिन्नरच्या जमिनीत, बाभूळ या होलच्या टोकाला, वरची कड मातीच्या थोडी खाली राहील अशी बेतानं बसवली. वर गवत सारखं केलं. पाच पावलांवरून दिसत नव्हतं. डॉक्टरांनी पाठ थोपटली असती.

आठवड्यानं गेलो तेव्हा वाटेकरी बांधावर बसला होता. म्हणाला, “रावसाहेब, हा पाइप तुम्ही घातला का?”

“हो.”

“कुठं जातो?”

“कुठं नाही.”

तो बराच वेळ पाइपकडं बघत राहिला. मग म्हणाला, “बैलाचा पाय जाईल की यात.” आणि पुढच्या खेपेला पाहिलं तर त्यानं गलीभोवती चार दगड मांडले होते आणि लांबून दिसावेत म्हणून त्यांना चुना फासला होता.